जर्मनीत भाड्याची गाडी

जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्यांना सुट्टी लागली की गाडी भाड्याने घेऊन आल्प्सकडे निघावंसं वाटतं. त्याआधी परवाना पाहावा. भारतीय परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून ६ महिनेच चालतो, तोही जर्मन भाषांतरासह. पुढे जर्मन परवाना हवाच आणि त्यासाठी लेखी व प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ‘अमुक जण दोन वर्षं तसाच चालवतोय’ ही साक्ष पोलिसांपुढे टिकत नाही. तसं चालवणं तिथे गुन्हा आहे.

स्वस्त भाड्याची खरी किंमत विम्यात दडलेली असते. गाडीला धक्का लागला तर नुकसानीचा ठरावीक वाटा, बहुधा शेकडो युरो, तुमच्या खिशातून जातो. काच, टायर आणि गाडीचा तळ अनेकदा विम्याबाहेरच असतात. थोडे जास्त पैसे देऊन हा वाटा शून्यावर आणावा, असं माझं मत. अनामत रकमेसाठी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारतात.

सीमा ओलांडायची असेल तर कंपनीला आधी विचारा. जर्मन महामार्गांवर मोटारींना टोल नाही, पण ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये ‘विनिएट’ (महामार्ग वापरण्याचा पास) घ्यावं लागतं. स्विस विनिएट फक्त वार्षिक मिळतं, ४० फ्रँकला, मग तुम्ही एकच दिवस जा.

किल्ली हातात घेण्यापूर्वी गाडीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा आणि तो ओरखडा करारपत्रात नोंदवून घ्या.