स्तनाच्या कर्करोगाचे संशोधन आणि आपल्या वस्त्या

दिवाळे कोळीवाड्यापासून खारघर फार दूर नाही. तेथे टाटा मेमोरियल केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था आहे. कर्करोगावरील उपचार, संशोधन व शिक्षण ही तिन्ही कामे तेथे चालतात. पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या आपल्या अनेक भगिनींना मात्र ते ‘सर्व उपाय संपल्यावर जायचे इस्पितळ’ वाटते. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत ही समजूत फार महागात पडते.

या संशोधनाची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध अभ्यासला. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. या संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या वाशीतच आहे.

रोग कसा उद्भवतो हे प्रयोगशाळा सांगू शकते. पण झोपडपट्टीतील बाईची गाठ वेळेवर कोणी शोधायची? मॅमोग्राफीची यंत्रे महाग आहेत व ती चालविणारे तज्ज्ञ थोडे. शिवाय आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांपेक्षा साधारणपणे लहान वयात होतो.

टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांतच याचे उत्तर शोधायला सुरुवात केली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया या अभ्यासात होत्या. वस्त्यांचे वीस विभाग करून त्यांतील दहांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, हाताने स्तनांची तपासणी करीत. या सेविका डॉक्टर नव्हत्या. बेताचे शालेय शिक्षण घेतलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या अशा त्या स्त्रिया होत्या. उरलेल्या दहा विभागांत आरंभी एकदा आरोग्यशिक्षण देऊन नंतर केवळ विचारपूस होत राहिली.

वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या विभागांत रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, तर इतरत्र ४७ टक्के. पन्नास वा त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रोग लवकर सापडण्याचा लाभ त्यांनाही झाला.

दुसऱ्या गटातील स्त्रियांना तपासणी का नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आमच्याही आला. तुलनेवाचून खात्री पटत नाही हे खरे असले, तरी या ज्ञानाचे मोल त्या गरीब स्त्रियांनीही चुकते केले आहे. ते वाया जाऊ देणे बरे नव्हे.

आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही म्हणजे साधी असेल’ या विचारात महिने निघून जातात आणि लाजेपोटी नवऱ्यालाही सांगितले जात नाही. आपल्या महिला मंडळांतही या अवयवाचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते! स्तनात वा काखेत गाठ लागणे, त्वचेवर खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुसंख्य गाठी साध्याच निघतात.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आरोग्यसेविकेकडून अशी तपासणी दर पाच वर्षांनी योजिली आहे. मुंबईतील अभ्यासात ती दर दोन वर्षांनी होत होती. धर्मग्रामात आरोग्य शिबिर ठरविताना हा फरक ध्यानात असावा, आणि तपासणीसाठी पडद्याआड स्वतंत्र जागा व स्त्री सेविका असेल, हे आधीच जाहीर करावे. मासळी बाजारात जाणाऱ्या भगिनींना सकाळची वेळ मुळीच सोयीची नसते, हेही आयोजकांनी विसरू नये.