तेवीस तासांची खुर्ची

२०२३च्या एप्रिलमध्ये आमच्या घरी टपालाने मतपत्रिका आली. वॉशिंग्टन राज्यात मतदान टपालानेच होते, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा पीत मत देता येते. प्रश्न असा होता की, घरपट्टी वाढवून किंग काउंटीत मानसिक आणीबाणीसाठी पाच केंद्रे उभारावीत का? किंग काउंटी म्हणजे सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड, कर्कलंड अशी शहरे सामावणारा, सुमारे २३ लाख वस्तीचा, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. कराचा दर पहिल्या वर्षी घराच्या हजार डॉलर मूल्यामागे साडेचौदा सेंट. दहा लाख डॉलरच्या घराला वर्षाचे १४५ डॉलर. मुदत २०२४ ते २०३२, अशी नऊ वर्षे, आणि एकूण जमा १२५ कोटी डॉलरपर्यंत.

पुण्याच्या घरपट्टीच्या बिलात मी वृक्ष उपकर पाहिला होता. मनाच्या आजारासाठी कर, तोही मालकाला विचारून, हे प्रथमच पाहत होतो.

त्या प्रश्नाकडे मी कोरड्या नजरेने पाहू शकत नव्हतो. त्याआधी वर्षभरापूर्वी एका रात्री आमच्या ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. एकोणीस वर्षांचा मुलगा चार रात्री झोपला नव्हता, भिंतीतून आवाज येतात म्हणत होता. ताईंनी विचारले, "दादा, ९११ला फोन केला तर पोलीस येतील ना? आणि हा त्यांच्या अंगावर धावला तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याला गाडीत घालून रुग्णालयात नेले. तिथल्या आपत्कालीन विभागात, बोळातल्या एका खाटेवर, तो दोन दिवस पडून होता. परिचारिकांनी शक्य ते केले. पाठवायला जागाच नव्हती.

जागा का नव्हती, हे मी नंतर काउंटीची कागदपत्रे वाचून समजून घेतले. दीर्घ निवासी उपचारांच्या खाटा २०१८मध्ये ३५५ होत्या, त्या २०२२मध्ये २४४ उरल्या. अशा खाटेसाठी सरासरी ४४ दिवस थांबावे लागे. आणीबाणीसाठी प्रौढांना ४६ खाटांचे एक केंद्र होते, पण तिथे आपणहून जाता येत नसे. पोलीस, रुग्णवाहिका किंवा रुग्णालयाने पाठवावे लागे. म्हणजे हात मोडला तर दार उघडे, मन मोडले तर आधी पोलीस बोलवा. सक्तीने ताब्यात घेतलेल्या मनोरुग्णाला केवळ खाट नाही म्हणून आपत्कालीन विभागात अडकवून ठेवणे बेकायदा आहे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्येच दिला होता. पण निकालाने खाटा तयार होत नाहीत.

नव्या केंद्राची रचना तीन पायऱ्यांची आहे. पहिली, चोवीस तास उघडा दवाखाना; चिठ्ठी लागत नाही. दुसरी, तेवीस तासांचा निरीक्षण कक्ष. इथे खाटांऐवजी मागे कलणाऱ्या खुर्च्या असतात. तिसरी, सोळा खाटांचा विभाग, जिथे चौदा दिवसांपर्यंत राहता येते.

हे आकडे मला सर्वांत बोलके वाटले. तेवीसच का? चोवीस तासांच्या आत माणूस घरी गेला, तर हिशेबात तो 'दाखल' होत नाही, निरीक्षणाखाली असतो. औषध, झोप, जेवण, कोणाशी तरी बोलणे, एवढ्यावर अनेकांचा पहिला उद्रेक ओसरतो, आणि त्यासाठी खाट अडवावी लागत नाही. राज्याने २०२३मध्ये अशा तेवीस तासांच्या केंद्रांना कायद्यात वेगळा दर्जाच दिला. आणि सोळा? मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी विमा योजना, सोळापेक्षा अधिक खाटांच्या मनोरुग्णालयातल्या २१ ते ६४ वयाच्या रुग्णाचा खर्च सर्वसाधारणपणे देत नाही. मोठ्या मनोरुग्णालयांचा भार राज्यांचा, तो केंद्रावर पडू नये, हा त्यामागचा जुना हेतू. माझ्या मते या इमारतींचा आकार वैद्यांइतकाच हिशेबनिसांनीही ठरवला आहे.

कल्पना मूळची ॲरिझोनातली. टूसॉनच्या पिमा काउंटीतल्या मतदारांनी २००६मध्ये कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि २०११मध्ये तिथे आणीबाणी केंद्र उघडले. त्या केंद्राचा मुख्य धडा पोलिसांविषयीचा आहे. रुग्णाला सोपवून पोलीस दहाएक मिनिटांत मोकळा झाला पाहिजे. रुग्णालयात त्याचे चार तास गेले तर पुढच्या वेळी तो माणसाला तुरुंगात नेईल, कारण ते सोपे पडते. म्हणून पोलिसांनी आणलेल्याला नाही म्हणायचे नाही, हा नियम.

आमच्याकडे प्रस्ताव सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर झाला. काउंटीचे चार भाग पाडून प्रत्येकात एक आणि पाचवे एकोणीस वर्षांखालच्या मुलांसाठी, अशी आखणी झाली. काउंटी परिषदेने अंमलबजावणीचा आराखडा जून २०२४मध्ये स्वीकारला. पैशापेक्षा अवघड गोष्ट जागेची. केंद्र सर्वांना हवे असते, आपल्या गल्लीत नको असते. उत्तरेकडे कर्कलंड, बॉथेल, केनमोर, शोरलाइन, लेक फॉरेस्ट पार्क या पाच शहरांनी मिळून आधीच विचार केला होता, म्हणून कर्कलंडचे केंद्र २०२४मध्येच उघडले. ते चालवणारी संस्थाही टूसॉनचा अनुभव असलेलीच. त्याहून अवघड माणसांची गोष्ट: रात्रपाळीला टिकणारे समुपदेशक आणि परिचारिका. करातला काही भाग त्यांच्यासाठी राखला आहे. तो पुरेल का, याविषयी मला शंका आहे.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ७२ तासांपर्यंतच्या आपत्कालीन उपचारांची तरतूद आहे, आणि २०२२पासून १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. फोन आणि मनोरुग्णालय यांच्या मधली पायरी, म्हणजे रात्री स्वतःहून गाठता येणारी ती खुर्ची, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत कोणी मागितली तर तिचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हा तिथला पहिला प्रश्न असेल.

कर्कलंडचा पत्ता मी ताईंना पाठवला. मुलगा आता बरा आहे, कॉलेजला जातो. त्यांनी पत्ता फ्रिजच्या दारावर लावला आणि मला विचारले, "रात्री दोनलाही उघडे असते ना?" असते, म्हणालो.