पोहऱ्यात आलं ते आडात आहेच

मिशावाल्या माशांचं जग : लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण मागूर पाहिला. तळं आटू लागलं की वरची हवा घेत, चिखलातून सरपटत दुसरं पाणी गाठणारा. त्याच्याच घराण्यातला आजचा मासा मात्र भुईच्या पोटात राहतो आणि माणसाला भेटतो तो बहुधा पोहऱ्यात.

केरळातल्या एखाद्या घराचं परसदार डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्याचे दिवस, विहीर काठोकाठ. पोहरा वर येतो, बादलीत रिकामा होतो आणि तळाशी लालसर काहीतरी वळवळतं. आधी वाटतं, गांडूळ. पांढऱ्या वाडग्यात घेऊन पाहिलं तर जेमतेम दीड इंचाचा मासा. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, पाठीवर लांबलचक पर, छातीचे पर नावापुरते. डोळे शोधायला जाल तर सापडणार नाहीत, ते नाहीतच. अंगात रंगद्रव्य नाही, म्हणून कातडीखालचं रक्त वरून दिसतं. तीच त्याची लाली.

याचं नाव होराग्लॅनिस. 1950 साली ए. जी. के. मेनन यांनी कोट्टयममधून मिळालेल्या माशावरून ही प्रजाती नोंदवली आणि तिला भारतीय मत्स्यशास्त्रातले बुजुर्ग सुंदरलाल होरा यांचं नाव जोडलं. ‘ग्लॅनिस’ हा ग्रीक शब्द, मिशावाल्या माशाचा. पुढची जात नोंदली जायला 2004 उजाडलं, तिसरी आली 2012 मध्ये. मासा दुर्मीळ होता की बघणारे थोडे होते, हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येऊ.

आधी त्याचं घर. कोकण-गोव्यातल्या वाचकाला ते वेगळं समजवायला नको, कारण तिथल्या बऱ्याच विहिरी ज्या खडकात खणलेल्या आहेत तो जांभाच. जांभ्याला इंग्रजीतलं ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 साली दिलं, तेही केरळातल्या अंगाडीपुरमचा दगड पाहून. चिरा फोडून पाहिला की आतली भोकं आणि नळ्या दिसतात. पावसाचं पाणी त्यातून मुरतं, साठतं, वाहतं. आपण विहीर खणतो म्हणजे या दडलेल्या पाण्याला एक खिडकी पाडतो. होराग्लॅनिस राहतो तो खिडकीपलीकडे, जांभ्यासारख्या खडकांतल्या पाण्यात. विहिरीत तो वाट चुकून येतो.

मग डोळ्यांचं काय झालं? ‘वापरले नाहीत म्हणून गेले,’ असं आपण सहज म्हणतो. वापर थांबल्याने एका माशाचे डोळे गेले, तरी त्याची पिल्लं डोळसच निपजतील. खरी गोष्ट वेगळी आहे. उघड्या तळ्यात डोळे बिघडवणारा जनुकीय बदल घेऊन जन्मलेला मासा लवकर बगळ्याच्या चोचीत जातो आणि तो बदल तिथेच संपतो. अंधारात असा मासा डोळस माशाइतकाच जगतो, त्याचीही पिल्लं वाढतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या बिघाड साठत जातात. शिवाय डोळा हे खर्चीक इंद्रिय आहे. तो आणि त्याच्या दिमतीला असलेला मेंदूचा भाग भरपूर ऊर्जा खातात. मेक्सिकोतल्या गुहांमधल्या आंधळ्या माशांवर संशोधकांनी हा खर्च मोजलाही आहे. जिथे खायची मारामार, तिथे हा खर्च वाचवणारा तरतो.

मिशावाल्यांना तर डोळ्यांवाचून फारसं अडतही नाही. त्यांच्या मिशांवर आणि कातडीभर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. अमेरिकेतल्या चॅनेल कॅटफिशच्या अंगावर त्या लाखाहून जास्त भरतात. हा मासा म्हणजे पोहणारी जीभच. म्हणूनच या कुळातले मासे जगात ठिकठिकाणी भुईखाली उतरले. टेक्सासमधल्या सान अँटोनियोजवळ तर 300 मीटरहून खोल विहिरींच्या पाण्याबरोबर आंधळे मासे वर आले आहेत.

आता तो राखून ठेवलेला प्रश्न. जांभ्याच्या पोटात बुडी मारता येत नाही, जाळं टाकता येत नाही. मग राजीव राघवन, राल्फ ब्रिट्झ आणि पुण्याच्या आयसरमध्ये काम केलेले नीलेश डहाणूकर यांच्या चमूने लोकांनाच विचारायचं ठरवलं: विहीर उपसताना, टाकी धुताना असा मासा दिसला तर कळवा. लोकांनी कळवलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात 47 नव्या ठिकाणांची नोंद होती आणि जनुकीय तुलनेतून चौथी जात पुढे आली. वरून बघाल तर या जाती एकमेकींसारख्याच. फरक आहे तो जनुकांत, आणि तोही चांगला ठसठशीत. नव्या जातीचं नाव ठेवलं ‘पॉप्युली’, म्हणजे लोकांची.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण इथे शास्त्राची पद्धत होऊन बसते. पोहऱ्यात मासा आला, तर तो आडात आहे हे पक्कं. मात्र ती उलटी फिरवता येत नाही. पोहऱ्यात आला नाही म्हणून तो आडात नाही, असं कुणी म्हणू नये. आजवर होराग्लॅनिस मिळाला तो पालघाट खिंडीच्या दक्षिणेलाच, पण या नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे विहीर असलेलं आणि बादलीत वाकून बघणारं एक घर आहे. जिथे कुणी बघितलंच नाही, तिथली कोरी जागा माशाबद्दल काही सांगत नाही.

आता विहिरी बुजतात, त्यांच्या जागी बोअर येते. भूजलाचा उपसा वाढतो, चिऱ्यांच्या खाणी त्याचं घरच कापून नेतात. यात मासा संपला, तर ते कळणार कसं? बोअरला पोहरा नसतो.

(पुढच्या आठवड्यात : आफ्रिकेतून आलेला मागूर)