जागा तुमची, मुरूम सरकारचा

यवतमाळ असो, वणी, पुसद की उमरखेड, प्लॉटवर जेसीबी उतरला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘जागा माझी, सातबारा माझ्या नावावर, मग खोदायला परवानगी कशाची?’ थोडी कागदपत्रं केलेला माणूस हेच वेगळ्या शब्दांत सांगतो: ‘नगर परिषदेनं नकाशा मंजूर केलाय, म्हणजे खोदकामाचंही त्यात आलंच.’ दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यातला दुसरा अधिक घातक, कारण त्यात अडकणारा माणूस आपण सगळे नियम पाळले अशा खात्रीत असतो.

मुळात इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. जमिनीवर काय बांधायचं आणि त्यासाठी किती खोल जायचं, हा पहिला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये ‘विकास’ या शब्दात जमिनीच्या खाली केलेलं कामही येतं. म्हणून तळघराच्या खड्ड्याला नगर परिषदेची मंजुरी लागते. खड्ड्यातून निघालेल्या मालाचं काय करायचं, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर नगर परिषद देऊच शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार जमिनीतली खनिजं राज्य शासनाची आहेत. मुरूम आणि दगड गौण खनिजात मोडतात. भरावासाठी वापरली जाणारी साधी मातीही केंद्राच्या 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेनं त्या यादीत आली. त्यामुळे माल प्लॉटबाहेर न्यायचा तर वाट महसूल खात्याकडे जाते. हिशेब करून पाहा. 1000 चौरस फुटांचं तळघर 10 फूट खोल खोदलं तर 10,000 घनफूट, म्हणजे 100 ब्रास माल निघतो. 2021 मध्ये ठरलेल्या 600 रुपये प्रति ब्रास दरानं त्याचं स्वामित्वधन, म्हणजेच रॉयल्टी, 60,000 रुपये होतं. परवानगी नसेल तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि जेसीबी, ट्रॅक्टरही जप्त होऊ शकतात.

यावर ठरलेली उत्तरं येतात. ‘मी विकत थोडाच आहे, ओळखीच्याच्या प्लॉटवर टाकतोय.’ कलम 48 मध्ये विक्रीची अट नाहीच. विनापरवाना खनिज काढणं, हलवणं, गोळा करणं, उचलणं, त्याची विल्हेवाट लावणं, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. फुकट दिलं म्हणून सुटका होत नाही. थोडं कायद्याचं वाचलेले लोक 2013 चा थ्रेसिअम्मा जेकब खटला पुढे करतात, कारण त्यात सर्वोच्च न्यायालयानं जमीनमालकालाच खालच्या खनिजाचा मालक मानलं. पण तो वाद केरळातल्या मलबारच्या जन्मी, म्हणजे परंपरेनं पूर्ण खासगी मालकीच्या, जमिनींचा होता, आणि तिथे मालकाचा हक्क काढून घेणारा कायदाच नव्हता. आपल्याकडे कलम 48 आहे. हा फरक लपवून तो निकाल सांगणं म्हणजे ऐकणाऱ्याला खड्ड्यात ढकलणं आहे.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच खोटा: पायाचा खड्डा खणला की रॉयल्टी भरलीच पाहिजे. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 3 डिसेंबर 2014 रोजी सांगितलं की निघालेल्या मातीचा प्रत्यक्ष वापर काय झाला, हे तपासल्याशिवाय आकारणी करता येणार नाही. पुढे 2015 मध्ये राज्याच्या गौण खनिज नियमांतच दुरुस्ती झाली. प्लॉट विकसित करताना निघालेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला किंवा विकासाच्या कामाला वापरली, तर तिच्यावर स्वामित्वधन लागत नाही. म्हणून पायातली माती जोत्यात भरणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. खाली मुरूम किंवा दगड लागला, तर मात्र तहसील कार्यालयात आधी लेखी विचारलेलं बरं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला काहीच लागत नाही, हे अर्धसत्य. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार तिथेही नकाशे सादर करून शुल्क भरावं लागतं, आणि ती पावतीच परवानगी ठरते. शेतीच्या नेहमीच्या कामातल्या विहिरीला नगररचनेची परवानगी लागत नाही, पण बोअर घेण्याच्या 15 दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवावं, असे सर्वोच्च न्यायालयाचे 2010 चे निर्देश आहेत. हद्दीच्या आत खोदलं की शेजाऱ्याचा संबंध नाही, हेही खरं नाही. त्याच्या जमिनीला तुमच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं मान्य केला आहे. आणि खोदताना सापडलेलं धन आपोआप तुमचं होत नाही; 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

तेव्हा जेसीबी ठरवण्याआधी एका कागदावर लिहून काढा: किती ब्रास निघणार, किती परत भरणार, उरलेलं कुठे जाणार. नगर परिषदेची मंजुरी घ्या, उरलेल्या मालासाठी महसूल खात्याकडे अर्ज करा, आणि शासनाच्या ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीवरचा वाहतूक पास हाती येईपर्यंत भरलेला ट्रॅक्टर प्लॉटबाहेर काढू नका.