मेगरला न दिसणारा शॉर्ट

रिवाइंड केलेल्या मोटरीला मेगर लावला, शेकडो मेगओहम आले, म्हणजे मोटर निर्धोक, असं आपण धरून चालतो. पण मेगर फक्त वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन तपासतो. त्या वेळी सगळे वेढे एकाच व्होल्टेजवर असतात, त्यामुळे शेजारच्या दोन वेढ्यांमधली फट त्याला कळतच नाही. मोटर जळण्याची सुरुवात मात्र बऱ्याचदा तिथूनच होते. दोन वेढे चिकटले की त्या बंद कड्यात भयंकर करंट फिरतो, तार वितळते आणि मग कुठे बॉडीला शॉर्ट येतो.

तारेच्या इनॅमलला बारीक चीर पडली, तर तिथे आड असते ती फक्त हवा. भौतिकशास्त्रज्ञ पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार सुमारे ३३० व्होल्टच्या खाली, फट कितीही अरुंद असो, हवेतून ठिणगी उडत नाही. म्हणजे ही चीर पकडायला शेजारच्या वेढ्यांमध्येच त्याहून जास्त व्होल्टेज आणावं लागतं. काही व्होल्टवर मोजणाऱ्या खिशातल्या मल्टिमीटरचा इथे काय पाड!

अमेरिकेत जे. एल. रायलँडर यांनी १९२६ साली वाइंडिंगच्या उच्च-वारंवारता चाचणीवर शोधनिबंध लिहिला. आजची सर्ज टेस्ट त्याच वाटेवरची. कपॅसिटर चार्ज करून तो एकदम वाइंडिंगमध्ये सोडायचा. व्होल्टेज मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागात चढतं, म्हणून ते सर्व वेढ्यांवर सारखं वाटलं जात नाही. पहिल्या काही वेढ्यांवर मोठा ताण येतो. स्क्रीनवर विरत जाणारी लहर उमटते. व्होल्टेज वाढवत नेलं की निरोगी वाइंडिंगची लहर फक्त उंच होते. कच्च्या जागी ठिणगी पडली की इंडक्टन्स घटतो, वारंवारता वाढते आणि लहर झटकन डावीकडे सरकते. त्या क्षणी चाचणी थांबवायची.

अमेरिकी कारखान्यांत ४१६० व्होल्टच्या मोटरी सर्रास असतात. आयईईई ५२२ या मानकाप्रमाणे त्यांच्या नव्या कॉइलला सुमारे ११,९०० व्होल्टचा सर्ज देतात, वापरातल्या मोटरीला त्याच्या पाऊणपट. या चाचणीनेच मोटर मरते, ही तक्रार जुनी आहे. मला ती पटत नाही. तेवढ्यात जी फुटते, ती स्विचिंगच्या एखाद्या झटक्यालाही फुटलीच असती, आणि तीही ऐन कामाच्या वेळी. ओल धरलेल्या वाइंडिंगची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आधी मेगरच लावायचा: दहाव्या मिनिटाचं रीडिंग पहिल्या मिनिटाच्या दुप्पट भरत नसेल, तर आधी सुकवणं.

इन्व्हर्टर ड्राइव्हमुळे वेढ्यांमधल्या शॉर्टचा हा प्रश्न लहान मोटरींपर्यंत आला. ड्राइव्हचे पल्स तीव्र चढाचे असतात. केबल लांब असेल तर ते मोटरच्या टर्मिनलवरून परावर्तित होतात आणि तिथलं शिखर-व्होल्टेज जवळपास दुप्पट होऊ शकतं. म्हणून खास ड्राइव्हसाठी बनवलेल्या, ६०० व्होल्टपर्यंतच्या मोटरींनी आपल्या रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट शिखरं सोसावीत, असं अमेरिकेचं नेमा मानक सांगतं. आपल्याकडे एसी सोलर पंपाची मोटर बोअरमध्ये, कंट्रोलर वर आणि मध्ये लांबलचक केबल असते. तिचं वाइंडिंग भरायला देताना तार ड्राइव्हला चालणारी आहे का, हे दुकानदाराला विचारलेलं बरं.