नियमालाही मर्यादा असते

बारावीचा निकाल लागला की चाळीसगावातही घरोघरी गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन यांची चर्चा सुरू होते. आज उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. चाळीस वर्षांपूर्वी मात्र फक्त गुणांची पडताळणी करून मिळे. उत्तरपत्रिका पाहायला आणि ती पुन्हा तपासून घ्यायला राज्य शिक्षण मंडळाच्या विनियमाने बंदी होती.

हा विनियम विधिमंडळाने केलेला नव्हता. विधिमंडळाने १९६५ च्या कायद्याने मंडळाला विनियम करण्याचा अधिकार दिला आणि त्या अधिकारात मंडळाने तो केला. अशा नियमांना प्रत्यायोजित विधान म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्दबातल ठरवली, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मूळ कायद्याने अधिकार दिला आहे का, नियम त्या कायद्याच्या उद्देशाशी सुसंगत आहे का, तो राज्यघटनेच्या विरोधात जातो का, हे न्यायालय तपासेल. धोरण शहाणपणाचे आहे की नाही, हे मात्र ठरवणार नाही, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका होती.

या विचाराचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथे संसदेचा कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही; मंत्र्याने किंवा अधिकाऱ्याने केलेला नियम मात्र करू शकते. पहिल्या महायुद्धानंतर अन्न नियंत्रकाने दुधाच्या खरेदी परवान्यासाठी गॅलनमागे दोन पेन्स आकारले. कर बसवण्याचा अधिकार संसदेने दिलेला नाही, म्हणून १९२१ मध्ये न्यायालयाने ती आकारणी बेकायदा ठरवली. २०१७ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाची फीही रद्द झाली, कारण ती सामान्य कामगाराची न्यायाची वाट अडवत होती.

आपल्याकडे उत्तरपत्रिकेची वाट मोकळी केली ती माहिती अधिकार कायद्याने. केंद्रीय मंडळाच्या अशाच नियमाबाबत २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क नियमाने डावलता येणार नाही. १९८४ मध्ये टिकलेली उत्तरपत्रिका पाहण्यावरची बंदी संसदेच्या २००५ च्या कायद्यापुढे टिकली नाही.

नगरपालिकेचे उपविधी असोत की बाजार समितीचे, त्यांनाही हीच कसोटी लागू आहे. अशा नियमाला आव्हान देण्यासाठी जळगाव-धुळेकरांना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते. तेव्हा कुणी नियमावर बोट ठेवले, तर तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली केला आहे, हे लेखी विचारा. तो आपला हक्क आहे.