तेरा रेघांचं ‘फू’

चिनी नववर्ष जवळ आलं की बीजिंगपासून सिंगापूरपर्यंत दारोदारी लाल कागदाचा एक चौकोन चिकटवलेला दिसतो, टोक वर करून उभा, आणि त्यावर शाईने काढलेलं एकच मोठं अक्षर : फू. सुख, भाग्य, बरकत, देवाची कृपा, सगळं त्यात आलं. नव्याने चिनी शिकणाऱ्याला ते आठवडाभरात ओळखता येतं. लिहिता यायला जरा वेळ लागतो, आणि वापरता यायला त्याहून जास्त; कारण दारावर एकटं मिरवणारं हे अक्षर बोलण्यात मात्र बहुधा जोडीदार घेऊनच येतं.

आधी उच्चार. ‘फळ’मधला फ इथे चालत नाही, ‘ऑफिस’मधला हवा. आणि सूर खालून वर चढवायचा, आपण चकित होऊन ‘काय?’ विचारतो तसा. सूर वरून खाली आपटला की ऐकणाऱ्याला ‘श्रीमंत’, ‘वडील’ किंवा ‘ऋण’ असं भलतंच काही ऐकू येतं.

आता लिहिणं. अक्षरात एकूण 13 रेघा आहेत. डावीकडच्या भागाच्या 4 : वर एक ठिपका, मग आडवी जाऊन हात न उचलता डावीकडे खाली उतरणारी रेघ, तिच्याखाली उभी, आणि उभीच्या उजव्या अंगाला आणखी एक छोटा ठिपका. हे ‘देवाचं’ अंग. देव, पूजा, पूर्वज यांच्याशी नातं असलेल्या पुष्कळ अक्षरांत ते येतं. उजवीकडे एक ठिपका जास्त पडला की ते ‘कपड्याचं’ अंग होतं आणि अक्षर चुकतं. चिनी शाळकरी मुलंही इथे हमखास अडखळतात.

उजव्या भागात वर एक आडवी रेघ, तिच्याखाली 3 रेघांचं ‘तोंड’ आणि तळाला 5 रेघांचं ‘शेत’. चौकटीचा नियम असा की आत भरायचं ते आधी भरायचं आणि तळाची रेघ ओढून दार शेवटी लावायचं. शेताच्या आत चिनी विद्यार्थी आधी आडवी रेघ काढतो, जपानी विद्यार्थी आधी उभी. दोघेही आपापल्या शाळेत बरोबर. नवशिक्याची खरी पंचाईत होते उंचीची. तीन भाग एकावर एक रचता रचता अक्षर ताडासारखं वाढतं. म्हणून सरावाच्या चौकटीत तोंड बुटकं आणि चपटं काढायचं, शेत रुंद ठेवायचं आणि डावं अंग सडपातळ.

‘एका तोंडापुरतं शेत म्हणजे सुख’ ही फोड सगळीकडे सांगितली जाते. लक्षात ठेवायला ती झकास आहे, पण अक्षराचा जन्म काही तसा झालेला नाही. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या लिपीत उजवीकडे मद्याचा घडा दिसतो. काही ठिकाणी तो देवापुढे धरणारे दोन हातही आहेत. तोंड आणि शेत पुढे त्या घड्यातूनच निघाले. मला तरी शेतापेक्षा नैवेद्याचा घडाच जास्त आवडतो.

छिंग घराण्याचे सम्राट वर्षअखेरीस स्वतः ‘फू’ लिहून दरबाऱ्यांना देत. सम्राट कांगशीच्या हातचं ‘फू’ बीजिंगच्या राजपुत्र कुंग यांच्या वाड्यात, बागेतल्या गुहेत शिळेवर कोरलेलं आहे. त्यातलं शेत पुरतं बंद केलेलं नाही, म्हणून त्या सुखाला कुंपण नाही, असं लोक सांगतात. शाळेत गुरुजींनी मात्र लाल शाई फिरवली असती!

बोलण्यात आलं की ‘फू’ जोडी जमवतं. ‘शिंगफू’ म्हणजे आनंदी, समाधानी आयुष्य. ‘चूफू’ म्हणजे शुभेच्छा. ‘खौफू’ हे तोंडाचं भाग्य : पानं वाढताना नेमका कोणी पाहुणा टपकला, तर त्याला हेच म्हणतात. डोळ्यांचं भाग्य ‘येनफू’, सुंदर चित्र किंवा दुर्मीळ वस्तू पाहायला मिळाली की. आणि ‘फाफू’, शब्दशः भाग्य फुलणं, म्हणजे वजन वाढणं! आपण ‘अंगाने भरलास’ म्हणतो त्यातलाच प्रकार. चाळिशीच्या मित्राला बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर खपून जातो. तरुण मुलीसमोर तो तोंडातून न काढलेला बरा.

चिनीत ‘उलटं’ आणि ‘आलं’ हे दोन्ही शब्द ‘ताव’ असेच ऐकू येतात. म्हणून ‘फू’ उलटं चिकटवलं की पाहणारा ‘फू उलटं झालं’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ‘सुख आलं’ ऐकू येतं. असं उलटं अक्षर पाण्याच्या रांजणावर, कपाटावर शोभतं. मुख्य दरवाजावर मात्र सरळच हवं, असं परंपरा जपणारे बजावतात. दुकानात सर्रास उलटीच छापलेली मिळतात, त्यामुळे ऐकतो कोण! वटवाघळाच्या नावातही हाच ध्वनी आहे, अंगही उजवीकडचं तेच. फक्त डावीकडे देवाच्या जागी किडा. म्हणूनच जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवर पाच-पाच वटवाघळं मोठ्या थाटात उडताना दिसतात.

टायपिंगच्या जमान्यात हात लिहिणं विसरतात, ही तक्रार चीनमध्येही आहे. फोनवर रोमन लिपीत ध्वनी टाइप केला की अक्षरांची रांग समोर येते, त्यातलं एक निवडायचं. गंमत म्हणजे ‘फू’ला थोडा हात लागला तो फोनमुळेच. अलीपे या फोनवरून पैसे देण्याघेण्याच्या अ‍ॅपने 2016च्या नववर्षाला पाच ‘फू’ कार्डं गोळा करण्याचा खेळ काढला. पुढच्या वर्षीपासून कुठल्याही ‘फू’वर कॅमेरा धरला की कार्ड मिळू लागलं. दारावरचं चालत होतं, छापील चालत होतं आणि कागदाच्या चिठोऱ्यावर बॉलपेनने खरडलेलंसुद्धा.